या घरात कोण राहतं?

"शैलजाक्का, कॉट इथे ठेवली तर घर वाटेल ना?" मुग्धानं विचारलं.

मी हॉलच्या मधोमध उभी होते. डावीकडे पॅरलल बार. म्हणजे चालायला पुन्हा शिकणारा पेशंट ज्यांना धरून पावलं टाकतो, ते दोन लोखंडी दांडे. उजवीकडे मान-कंबर ताणायचं ट्रॅक्शन टेबल. भिंतीवर मणक्याचा तक्ता, खिडकीच्या गजांना रंगीत रबरी पट्ट्या. आणि या सगळ्यातून मुग्धा एक फोल्डिंगची कॉट सरकवत होती, कधी खिडकीखाली, कधी दाराआड.

"कॉट वाटेल," मी म्हणाले. "घर कसं वाटेल?"

"कपाटात कपडे ठेवते. मागच्या दोरीवर टॉवेल वाळत घालते. अजून काय लागतं?"

अजून काय लागतं हे मला सांगता येत नव्हतं असं नाही. पण तिचा चेहरा पाहून सांगवलं नाही.

मी आर्किटेक्ट आहे. आमचं घराणं बंगळूरच्या चामराजपेटमधलं, कित्येक पिढ्यांपासूनचं. आमच्या मराठीत इतकं कानडी मुरलंय की पुण्याचे नातेवाईक दोन वाक्यांतच हसायला लागतात. पोटापाण्याचं काम म्हणजे घरांचे प्लॅन काढणं, आणि अलीकडे त्याहून जास्त, त्या घरांवर आलेल्या नोटिसा निस्तरणं. मुग्धाच्या गेटवर अशीच एक नोटीस चिकटली होती. निवासी जागेचा व्यावसायिक वापर का बंद करू नये, याचा खुलासा मागणारी.

हे घर बनशंकरीतलं. मुग्धाचे वडील, चौगुलेकाका, निपाणीहून कारखान्यातल्या नोकरीसाठी बंगळूरला आले आणि इथेच राहिले. साइट, म्हणजे प्लॉट, घेतली, तळमजला बांधला, पुढे वरचा मजला चढवला. वरच्या मजल्याचा प्लॅन मी काढला होता. तेव्हा मी नवीन होते. जिना बाहेरून काढूया म्हटलं तर काका म्हणाले होते, "बाहेरून जिना म्हणजे भाडेकरू. आतून जिना म्हणजे मुलगी." मग मी दोन्ही काढले.

काका गेले. मुग्धाची आई, सुमनक्का, एकटी राहू लागली तशी मुग्धानं तिला आपल्याकडे नेलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला, सर्जापूर रोडवरच्या अपार्टमेंटमध्ये. मुग्धाचा नवरा अमोल तिथल्याच एका कंपनीत. मुलगी ईरा तिथल्याच शाळेत. सगळं तिथेच. बनशंकरीचं घर बंद पडलं.

मुग्धा फिजिओथेरपिस्ट आहे. तोवर एका हॉस्पिटलमध्ये नोकरी करत होती. घर बंद पडल्यावर तिनं नोकरी सोडली आणि या घरात क्लिनिक काढलं. हॉल आणि एका खोलीमधली भिंत पाडली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर वॅक्स बाथचं मशीन आलं. त्यात मेण वितळवून दुखऱ्या हातांना शेक देतात. गल्लीतलीच म्हातारी माणसं आधी आली, कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा. मग त्यांची नातलग, मग लांबून कार घेऊन येणारे. क्लिनिक चांगलं चाललं. ती सकाळी सर्जापूर रोडवरून निघायची, संध्याकाळी कुलूप लावून परत जायची.

गोम इथेच होती.

झोनिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. शहराचा एक नकाशा असतो, त्यात प्रत्येक भागाला एक रंग. पिवळा म्हणजे राहायची घरं. दुकानं, ऑफिसं यांना दुसरा रंग. पिवळ्या भागात, आतल्या अरुंद रस्त्यावर, दुकान थाटता येत नाही. पण नियम इतका कोरडाही नाही. घरात राहणारा डॉक्टर, वकील, शिकवणी घेणारी बाई, माझ्यासारखी आर्किटेक्ट, असे लोक आपल्याच घराच्या छोट्या भागात काम करू शकतात. अट एवढीच, की घर मुख्य आणि काम त्याच्या पोटात. आणि काम करणारा माणूस तिथे राहत असला पाहिजे.

लोक मला विचारतात, किती चौरस फूट चालेल, बोर्ड केवढा लावू, पार्किंगचं काय. राहतं कोण, हे कुणी विचारत नाही.

मी वॉर्ड ऑफिसला गेले. हे प्रकरण जिच्याकडे होतं ती असिस्टंट इंजिनीअर तिशीतली होती. पवित्रा तिचं नाव. टेबलावर फायली, बाजूला डबा, आणि बोलणं सरळ. आमचं बोलणं कानडीत झालं.

"मेडम, फिजिओथेरपीला माझी हरकत नाही," ती म्हणाली. "त्या राहत असत्या तर मी नोटीसच काढली नसती."

"दिवसभर ती तिथेच असते."

"दिवसभर मीसुद्धा इथेच असते. म्हणून हे माझं घर होतं का?"

मी हसले. ती हसली नाही.

"तक्रार आल्यावर मी स्वतः दोनदा संध्याकाळी जाऊन आले. गेटला कुलूप. आत अंधार. तुळशीच्या कुंडीत तुळस नाही. मी काय लिहू, तुम्हीच सांगा."

मी तिच्या जागी असते तर तेच लिहिलं असतं. तिनं पुढच्या आठवड्यात पाहणीला येते म्हणून सांगितलं. "त्या दिवशी घर दिसलं तर घर लिहीन. क्लिनिक दिसलं तर क्लिनिक. सरी?"

"सरी," मी म्हणाले. ठीक आहे, याहून त्याला जास्त अर्थ नाही, पण कानडीत तो शब्द बोलणं संपवतो.

मुग्धाला मी दोन रस्ते सांगितले. एक, इथे राहायला या. दोन, क्लिनिक मेन रोडवर हलवा, तिथे परवानगी आहे. तिला दोन्ही नको होते.

"अमोलचं ऑफिस तिकडे, ईराची शाळा तिकडे. सिल्क बोर्ड चौकातल्या त्या ट्रॅफिकमधून तिला रोज न्यायचं? आणि मेन रोडवर जाऊन मी काय करू? क्लिनिक कुठेही होईल हो. मला या घरात हवंय."

"का?"

"बाबांच्या घराला दिवसा तरी माणसं लागतात ना," ती म्हणाली.

मग तिच्या डोक्यात ती कल्पना आली. कॉटची. एका दिवसापुरतं घर मांडायचं. आदल्या दिवशी आईला आणायचं, पाहणीच्या वेळी आम्ही दोघी इथेच राहतो म्हणून सांगायचं.

"मी तसं लिहून देणार नाही," मी म्हणाले.

"लिहू नका. नुसत्या या."

येते म्हटलं. तिला एकटीला त्या घरात ते नाटक करताना सोडवेना.

त्याआधी मी शेजारी गेले. तक्रार नागराजण्णांनी केली होती, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. पलीकडच्या घरातले, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. मुग्धा त्यांच्याबद्दल बोलताना दात आवळायची. "लहानपणी यांच्या खांद्यावर बसून जत्रेत गेलेय मी. आणि आता हे!"

त्यांनी दार उघडलं, बसा म्हणाले. त्यांच्या पत्नीनं कॉफी आणली. मी वाट पाहत होते की ते पार्किंगवर बोलतील. बोललेही. कुणाची तरी कार त्यांच्या गेटपुढे लागली होती, रिक्षा आत येईना, पत्नीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं राहिलं. मी म्हटलं, पार्किंगची व्यवस्था करता येईल, पेशंटना वेळा बांधून देता येतील. त्यांनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष कंपाउंडच्या भिंतीकडे होतं. दोन घरांमधली ती भिंत छातीइतकी उंच.

"मेडम, संध्याकाळी मी आणि चौगुले इथे उभे राहायचो," ते म्हणाले. "तो तिकडून, मी इकडून. त्याला कानडी आलं ते या भिंतीवर. मला मराठी आलं नाही, पण शिव्या आल्या." ते किंचित हसले. "तो गेल्यावर सुमनम्मा भिंतीपाशी यायच्या, कढीपत्ता द्यायला, काही विचारायला. आता सहाला कुलूप. मी उभा राहतो कधीकधी. समोर अंधार. पेशंट येतात, त्यांना मी ओळखत नाही, ते मला ओळखत नाहीत."

"पण मुग्धाला तुम्ही सांगायचं ना."

"काय सांगू? तुझ्या आईला परत आण म्हणून? तिच्या घरातली गोष्ट ती. मी कोण?" त्यांनी कप खाली ठेवला. "गाड्या लागतात ही तक्रार करता येते. शेजार गेला ही तक्रार घ्यायला कुठलं ऑफिस आहे?"

तक्रार मागे घ्या म्हणायला गेलेली मी, ते न म्हणताच परत आले. तसंही त्यांनी मागे घेऊन उपयोग नव्हता. एकदा अधिकाऱ्यानं डोळ्यांनी पाहिलं की तक्रार करणारा बाजूला राहतो.

पाहणीच्या आदल्या दिवशी दुपारी मुग्धा आईला घेऊन आली. सुमनक्काच्या हातात एक वळकटी, एका पिशवीत भांडी. कॉट खिडकीखाली उभी होती. सुमनक्कानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ स्वयंपाकघरात गेली.

ओट्यावर वॅक्स बाथ. गॅसच्या जागी गरम पाण्याच्या शेकपिशव्यांचा ढीग. कपाटात जेलच्या बाटल्या. ती दारातच थांबली. मुग्धा घाईघाईनं म्हणाली, "आई, उद्यापुरतं जरा हलवते मी सगळं."

"तू तुझे पेशंट बघ," सुमनक्का म्हणाली. "मी बघते इकडचं."

तिनं पदर खोचला. वॅक्स बाथचं मशीन मायलेकींनी मिळून हॉलमध्ये नेलं. ओटा धुतला. गॅस जोडला. मी मोजमापं घेत बाहेर होते, तोवर आतून मोहरी तडतडल्याचा आवाज आला आणि उप्पीटाचा वास. पॅरलल बार धरून चालणाऱ्या एक आजी मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, "सुमनम्मा आल्या का?" मुग्धानं त्यांना पाऊल टाका म्हटलं, तर त्या स्वयंपाकघराच्या दिशेनं वळल्या. मला वाटतं त्या दिवशी त्या बाईंनी डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त चालून घेतलं.

संध्याकाळ व्हायला आली तसे नागराजण्णा भिंतीपाशी दिसले. सुमनक्का मागच्या नळाला पाइप लावून कढीपत्त्याच्या झाडाला पाणी घालत होती.

"बंद्रा, सुमनम्मा?" त्यांनी विचारलं. आलात का?

"बंदे," ती म्हणाली. आले.

एवढंच. पण नागराजण्णा अंधार पडेपर्यंत तिथून हलले नाहीत. ती पाणी घालत होती आणि ते उभे होते. मुग्धा खिडकीतून बघत होती. ती खिडकी तिनं एरवी कधी उघडलेली नव्हती, पेशंटना बाहेरचा आवाज नको म्हणून.

त्या रात्री सुमनक्का परत जायला तयार झाली नाही. मुग्धाही तिच्याबरोबर राहिली. मी सकाळी गेले तेव्हा गेटपुढे सडा घातलेला आणि रांगोळी. जिथे पेशंटच्या स्कूटर लागायच्या, तिथेच. पहिला पेशंट आला, त्यानं रांगोळी पाहिली आणि स्कूटर पुढे वळणावर नेऊन लावली. कुणी सांगितलं नव्हतं.

पवित्रा आली. सोबत टेप धरायला एक माणूस होता. तिनं चपला बाहेर काढल्या. नुसतं क्लिनिक दिसलं असतं तर त्या तिनं काढल्या नसत्या, असं मला उगाच वाटलं.

ती सगळीकडे फिरली. हॉलमध्ये मशीनं होतीच, ती आम्ही लपवली नव्हती. पण मागच्या खोलीत अंथरुणाच्या घड्या होत्या, उशाशी चष्मा, औषधांची डबी, देवाचा एक छोटा फोटो आणि त्यापुढे ताजं फूल. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होत होती. दोरीवर धुतलेलं लुगडं, त्यातून पाणी ठिबकत होतं. यातलं मुग्धानं काहीही मांडलेलं नव्हतं. तिनं आणलेली कॉट तशीच बाजूला पडून होती.

पवित्रानं हॉलचं माप घेतलं. "काम थोडं जास्त पसरलंय," ती मला म्हणाली. "पण एक खोली कमी केली तर बसवता येईल." तिनं पेन उघडलं. मुग्धानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत सुटका होती.

मग पवित्रा सुमनक्काकडे वळली. विचारायचं म्हणून विचारलं, लिहिता लिहिता.

"अज्जी, तुम्ही आणि मुलगी इथेच राहता ना?"

सुमनक्का ओट्याशी उभी होती. तिनं हात पुसले. मुग्धानं तिला काय सांगायचं ते गाडीत, रात्री, सकाळी, कितीतरी वेळा सांगून ठेवलं होतं.

"नाही," ती म्हणाली.

पवित्रानं कागदावरून मान वर केली.

"आम्ही दोघी तिकडे राहतो. सर्जापूर रोडला. मुलगी, जावई, नात. मी काल आले." तिचं कानडी निपाणीच्या वळणाचं, सावकाश. "पण मला राहायचंय इथे."

पवित्राचं पेन थांबलं होतं. मुग्धा म्हणाली, "आई..."

"तिकडे काही कमी नाही," सुमनक्का म्हणाली. ती पवित्राशीच बोलत होती, मुलीकडे बघत नव्हती. "जावई चांगला आहे. नात माझ्याजवळ झोपते. पण उंचावर आहे ना ते घर. खाली माणूस दिसतो, हाक पोचत नाही. कुणाकडे जायचं तर आधी फोन करायचा, मग लिफ्ट, मग तो वॉचमन विचारतो कुठे जायचं. इथे मी भिंतीपाशी गेले की झालं. इथे मला ठाऊक असतं कोण आजारी, कुणाकडे पाहुणे आले. सकाळी उठलं की वाटतं, आज काहीतरी आहे." ती थांबली. "तिकडे उठलं की वाटतं, अजून झोपले असते तरी चाललं असतं."

कुकरनं अजून एक शिट्टी दिली. तिनं वळून गॅस बंद केला.

मी इतकी वर्षं पाहण्यांना उभी राहिले आहे. लोक अधिकाऱ्यांपुढे रडतात, ओरडतात, कुणाकुणाची ओळख सांगतात. पण राहायचंय असं सांगणारं कुणी पाहिलं नव्हतं. पवित्रानंही नसावं.

"अज्जी, तुम्हाला इथे राहायला कुणाचीच परवानगी लागत नाही," ती शेवटी म्हणाली. "घर आहे हे. राहा." मग माझ्याकडे वळून, आवाज पुन्हा ऑफिसचा करत, "मेडम, पण फिजिओथेरपी मुलीची आहे. ती राहत नाही. मला तसंच लिहावं लागेल. क्लिनिक हलवावं लागेल."

"वेळ द्या," मी म्हणाले. "पेशंट अर्ध्या उपचारावर आहेत."

"वेळ देते. पण स्वल्पच." थोडाच. तिनं लिहिलं, सही केली. निघताना गेटशी थांबून रांगोळीवर पाय पडू नये म्हणून ती बाजूनं गेली.

गेट लागल्यावर मुग्धा ट्रॅक्शन टेबलाच्या कडेला बसली. मी निघत होते, तिनं हातानंच थांबा म्हटलं. मला वाटतं आईबरोबर एकटं राहायचं तिला धैर्य नव्हतं.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," ती आईला म्हणाली.

"कसं सांगू? मला न्यायला आलीस तेव्हा तू रडत होतीस. म्हणालीस, आई, तू इथे एकटी असलीस की मला तिकडे झोप लागत नाही. मग मी आले. तुला झोप लागायला लागली. पुन्हा कशाला काढायचं ते?"

"आणि मी हे क्लिनिक कशाला काढलं?" मुग्धाचा आवाज चिरकला. "हॉस्पिटलची चांगली नोकरी होती माझी. घर बंद ठेवायचं नव्हतं मला. वाटलं, माणसं येत-जात राहिली की चालू राहील घर. रोज दार उघडताना वाटायचं, बाबा आतून म्हणतील, आलीस का."

सुमनक्का तिच्याजवळ गेली आणि तिच्या केसांवरून हात फिरवला. मशीनं, दांडे, रबरी पट्ट्या सगळ्यांच्या मधे. मी बाहेर जाऊन व्हरांड्यात बसले. थोड्या वेळानं आतून भांड्यांचा आवाज आला आणि सुमनक्कानं मला जेवायला हाक मारली.

त्यानंतरचं काम माझ्या धंद्यातलं, त्यामुळे सोपं. मेन रोडवर एका औषधांच्या दुकानाच्या मागे तळमजल्याची जागा मिळाली. व्हीलचेअर चढेल असा रॅम्प काढला, दार रुंद केलं. बनशंकरीतल्या पेशंटना तिथवर चालत येता येतं. मशीनं टेंपोतून गेली तेव्हा मुग्धा रस्त्यावर उभी राहून एकेक वस्तू सांभाळून ठेवायला सांगत होती, आणि नागराजण्णा तिच्या शेजारी उभे होते. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. टेंपो निघाला तशी ती म्हणाली, "अण्णा, आईकडे लक्ष ठेवा." ते म्हणाले, "हे सांगायला लागतं का?" तिथे त्यांचं भांडण संपलं असावं. मी विचारलं नाही.

पाडलेली भिंत पुन्हा बांधली. वरच्या मजल्यावर धारवाडकडचं एक जोडपं भाड्यानं आलं, ती नर्स, तो शिक्षक. बाहेरचा जिना अखेर कामी आला. सुमनक्का खाली राहते. पवित्रा पुन्हा पाहणीला आली, कॉफी पिऊन गेली, प्रकरण बंद झालं.

सगळं जागच्या जागी लागलं, असं फाइल वाचणाऱ्याला वाटेल. मुग्धा दुपारी आईकडे जेवायला येते, चालत. संध्याकाळी क्लिनिक बंद करून पुन्हा एकदा डोकावते. मग निघते. गेटपाशी गाडीत बसली की लगेच चालू करत नाही, हे मी एकदा पाहिलं. स्वयंपाकघरात दिवा असतो, सुमनक्का भिंतीपाशी कुणाशी तरी बोलत असते, आणि मुग्धा काचेतून बघत बसते. जे घर चालू राहावं म्हणून तिनं इतकं केलं, ते आता चालू आहे. तिला त्यातून रोज उठून जावं लागतं. आणि तिकडे सर्जापूर रोडवर ईरा आजीच्या उशीवर झोपते. शनिवार कधी येणार म्हणून विचारते. शनिवारी येते, रविवारी जाताना रडते. अमोल म्हणाला, आमच्या घरात आता कुणी ना कुणी दुसरीकडे असतंच.

माझ्याकडे आता कुणी घरात धंदा काढायचं म्हणून आलं की मी नकाशा नंतर उघडते. आधी विचारते, तिथे राहणार कोण. लोकांना वाटतं बाई चौकशा फार करतात. पण नियमाला फक्त राहण्याशी मतलब असतो. राहायची इच्छा त्याच्या हिशेबात येत नाही, आणि ती मांडायला फाइलीत जागाही नसते.

भिंत बांधायच्या वेळी मुग्धानं माझ्याकडे एकच हट्ट धरला. मशीनसाठी काढलेले जास्तीच्या लोडचे विजेचे पॉइंट बुजवू नका म्हणाली. तार भिंतीत राहू द्या, वरून प्लेट लावा. मी विचारलं, कशाला? तर म्हणाली, ईराची दहावी झाली की बघू. अमोलला घरून काम मिळालं तर बघू. बघू.

गिऱ्हाइकांचे असे वायदे मी पुष्कळ ऐकले आहेत, त्यांचं काय होतं तेही पाहिलं आहे. तरी मी पॉइंट ठेवले. समोरच्या खोलीत, सुमनक्काच्या पलंगाच्या वर, एका ओळीत कोऱ्या पांढऱ्या प्लेटी आहेत. आलं-गेलं माणूस विचारतं, हे कशाचं? सुमनक्का सांगते, मुलीचं आहे. शेवटच्या पाहणीत पवित्रानंही त्याकडे बोट केलं होतं. मी म्हटलं, वायर आहे फक्त, वापर नाही. नियमात बसतं.

"बसतं," ती म्हणाली, आणि पुढे गेली.